कानातली बोंडं

ज्याला गाण्यातलं काही कळत नाही अशाच माणसाशेजारी एसटीत बसायचं, असा अप्पांचा नियम होता. कळणारा माणूस मध्येच "वा" करतो, मांडीवर ताल धरतो आणि दाद दिली की नाही ते आपल्या तोंडाकडे बघून तपासतो, अशी त्यांची तक्रार. परभणी ते मानवत हा तासाभराचा रस्ता. मी त्यावर सहा वर्षं अप-डाऊन केलं आणि सहाही वर्षं अप्पांच्या डाव्या हाताला बसलो. माझ्या अज्ञानाचा एवढा मान पुढे कुणी राखला नाही.

मानवतच्या कापूस खरेदी केंद्रावर ते ग्रेडर होते आणि मी काट्यावरचा बाबू. त्यांनी ग्रेड ठरवायची, मी वजन लिहायचं. गाडी आली की अप्पा धोतराचा सोगा खोचून वर चढायचे आणि तीन ठिकाणी कोपरापर्यंत हात कापसात घालून मधला पुंजका बाहेर काढायचे. वरच्या कापसाकडे बघायचेसुद्धा नाहीत. "वरचा कापूस पाव्हन्यांसाठी असतो," असं म्हणायचे. मग त्या पुंजक्यातली चिमूट दोन्ही अंगठ्यांत धरून ओढत ओढत तंतू सरळ करायचे, नखावर लांबी बघायचे, एकदा वास घ्यायचे, आणि कानामागची कॉपिंग पेन्सिल जिभेला लावून चिठ्ठीवर लिहायचे: सुपर, मध्यम किंवा कवडी. कवडी म्हणजे किडका, डागाळलेला माल. चिठ्ठी गाडीला खोचली की विषय संपला. त्या पेन्सिलीमुळे अप्पांची जीभ बारा महिने जांभळी असायची आणि नवीन माणूस आधी त्यांच्या तब्येतीची चौकशी करायचा.

कवडी मिळालेला शेतकरी ओरडायचा, हात जोडायचा, एकाने तर डोक्याचं पागोटं काढून त्यांच्या पायावर ठेवलं. अप्पांनी ते उचलून त्याच्या डोक्यावर परत नीट बसवलं आणि म्हणाले, "मालक, मी कापसाला कवडी म्हन्लं. तुमाला न्हाई." आणि पुढच्या गाडीवर चढले. दिलेली ग्रेड त्यांनी कधी बदलल्याचं कुणालाच आठवत नव्हतं. शेतकरी त्यांना शिव्या द्यायचे आणि दुसऱ्या खेपेला गाडी पुन्हा त्यांच्याच रांगेत लावायचे.

ही मधलं काढायची सवय कापसापुरती राहिली असती तर बरं झालं असतं. हॉटेलात भजी आली की अप्पा ढिगात बोट घालून मधलं भजं काढायचे. पेपर मधल्या पानापासून वाचायचे. बहिणीच्या मुलीसाठी झरीला स्थळ बघायला गेलो होतो, तिथं मुलाकडच्यांनी वडील आणि थोरले काका पुढे बसवले होते. अप्पा म्हणाले, "ही वरची मंडळी झाली. मधला भाऊ कोन हाय? त्याला बोलवा." मधला भाऊ गोठ्यात होता. शेणाच्या हाताने आला, अप्पांशी दहा मिनिटं बोलला आणि लग्न ठरलं. ते लग्न फार चांगलं निघालं, त्यामुळे अप्पांना आवरणं आणखी अवघड झालं.

गाण्याचं वेड त्यांना चारठाण्याला लहानपणी लागलं. घर शिवपूजेचं, सकाळी इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय चहासुद्धा नाही, आणि सोमवारी देवळात भजन. तिथून ते मोठ्या गाण्याकडे कसे गेले ते मला माहीत नाही. मी शेजारी बसायला लागलो तेव्हा ते मांडीवर टेपरेकॉर्डर घेऊन बसत आणि एका बाईंचा यमन लावत. बाई गायला लागल्या की गाडीतल्या कोंबड्यासुद्धा गप्प व्हायच्या, पण माणसं व्हायची नाहीत. एकदा मागून एका म्हातारीने काळजीने विचारलं, "अप्पा, ती बाई कामून रडायलीय? कोन गेलं तिचं?" अप्पांनी तिला समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काई का असंना, पानी द्या तिला." दुसऱ्या दिवसापासून कंडक्टरने टेपरेकॉर्डरला बंदी केली.

मग वॉकमन आला. त्याच्याबरोबर डोक्यावरून घ्यायची, कानावर स्पंजच्या चकत्या बसणारी कमान आली. ती अप्पांनी आठ दिवसांत नापास केली. बाहेरची घरघर आत यायची, आतला यमन बाहेर जायचा, आणि डोक्याचं तेल पिऊन स्पंज फुगायचा. अप्पांना हवा होता तो कानाच्या आत जाऊन बसणारा, उत्तमातला उत्तम जोड. त्याला ते बोंडं म्हणत.

स्टँडसमोरच्या गल्लीत रेडिओवाल्या भाईंचं दुकान होतं. भाईंचा धाकटा भाऊ जेद्द्याला नोकरीला होता. तो येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर थोडा थोडा जपानी माल पाठवायचा आणि भाई तो काचेत मांडायचे. अप्पांनी काचेतला जोड घ्यायला नकार दिला. "हा वरचा झाला. खोक्यातला मधला काढा." भाईंनी खोकं आणलं. त्यात तीनच जोड होते, त्यामुळे मधला काढणं सोपं गेलं.

पण तो पसंत करायला अप्पांना तीन महिने लागले. बोंडं कानात बसतात का, खड्ड्यात निसटतात का, कंडक्टरची पिशवी घासून गेली तर वायर अडकते का, हे सगळं त्यांनी वेगवेगळ्या दिवशी तपासलं. दुसऱ्या गिअरात तंबोरा ऐकू आला पाहिजे आणि चौथ्या गिअरात तबल्याचा बायाँ, अशी त्यांची अट होती. कोल्हा गावच्या पाटीजवळ रस्ता इतका खराब होता की तिथं ते डोळे मिटून, दात आवळून बसायचे. पाटी मागे पडली की डोळे उघडून "टिकलं" म्हणायचे, तर कधी "गेलं" म्हणायचे. बाहेरचा आवाज अडवायला त्यांनी बोंडांना कापूस गुंडाळला. त्यासाठी आठ दिवस गाड्यांमधून निवडून निवडून लांब धाग्याचा कापूस जमवला. मी म्हटलं, कानातच घालायचाय, कुठलाही चालेल. ते माझ्याकडे बघत राहिले. "कानात कवडी घालू का?" म्हणाले.

शेवटी एका संध्याकाळी ते भाईंच्या दुकानी गेले, पेन्सिल जिभेला लावली आणि चिठ्ठी लिहून दिली: सुपर. खाली सही. भाईंनी ती काचेच्या आतून चिकटवली, आणि काय सांगावं, लोक पेढीवरची हुंडी असावी तसे ती चिठ्ठी वाचायला लागले. अप्पांनी सुपर म्हटलंय म्हणजे बघायला नको. मास्तर, तलाठी, अडत्यांचे मुनीम, अप-डाऊन करणारा जो तो भाईंकडून बोंडं घेऊ लागला. गाडीत सगळ्यांच्या कानातून वायरी लोंबायच्या आणि तिकीट मागायला कंडक्टरला एकेकाला हलवावं लागायचं.

सव्वा वर्ष हे बरं चाललं. मग एक दिवस अप्पांनी डावं बोंड काढून बघितलं, फुंकलं, परत घातलं. "तंबोरा कमी झालाय," म्हणाले. त्या कॅसेटमध्ये डाव्या कानात तंबोरा यायचा, उजव्यात तबला, आणि बाई डोक्याच्या मधोमध बसायच्या. हे मला त्यांनी एकदा चित्र काढून दाखवलं होतं. महिनाभराने तंबोरा पार गेला. अप्पांनी कापूस काढून पाहिला, सेल बदलले, कॅसेट बदलली. मग भाईंकडून नवा जोड आणला. त्याचंही डावं बोंड मुकं. तिसरा आणला, खोक्यातला मधला. तोही तसाच.

अप्पा दुकानात गेले तेव्हा मी बरोबर होतो. भाईंना ते म्हणाले, "पहिला लॉट सुपर होता. ह्यो लॉट कवडी हाय." त्यांनी काचेवरची सुपरची चिठ्ठी स्वतःच्या हाताने नखाने खरवडून काढली आणि कवडीची लावली. भाई काउंटरमागे उभे होते, त्यांनी अडवलं नाही. अप्पांचा हात परभणीत कोण धरणार? फक्त एवढंच म्हणाले, "अप्पा, माझा भाऊ तिकडं उन्हात मरायलाय. कवडी माल पाठवायला त्याला काय गरज?"

"मी मालाला म्हन्लं, भाई. भावाला न्हाई," अप्पा म्हणाले.

शेतकऱ्याला हे वाक्य पटायचं की नाही कोण जाणे. भाईंना पटलं नाही, ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

आठवडाभरात दुकानाचा रंग उतरला. ज्यांच्या कानात सव्वा वर्ष उत्तम वाजत होतं त्यांनासुद्धा डावीकडे कमी ऐकू यायला लागलं. मुनीम जोड परत घेऊन आले, तलाठ्याने येऊन चार शब्द सुनावले. इतर मालाचंही गिऱ्हाईक पातळ झालं. एका संध्याकाळी अप्पा पुढे गेले होते आणि भाईंनी मला हाक मारली. "बाबूसाब, तुमी तरी ऐका एकदा. अल्लाकसम, खरं काय ते सांगा." अप्पांनी परत केलेले आधीचे दोन्ही जोड त्यांनी एकामागून एक माझ्या कानात घातले. दोन्हीकडून सारखं ऐकू येत होतं. डावीकडे तर काहीतरी गुणगुणत होतं, अगदी स्पष्ट.

मी म्हणालो, "मला गाण्यातलं काही कळत नाही, भाई."

हे उत्तर देऊन मी स्टँडवर आलो. आयुष्यात पुष्कळ भित्रेपणा केलाय, त्यातला हा अजून टोचतो. कारण बोंडं काढल्या काढल्या मला सगळं कळलं होतं. अप्पांची खुर्ची जिनिंगच्या, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याच्या दारात असायची, डावा कान यंत्रांकडे, हंगामात रोज आठ-नऊ तास, आणि अशी वीस-बावीस वर्षं. आणखी एक गोष्ट कळली, ती मला जास्त लागली. महिना-दीड महिन्यापूर्वी माझे वडील गेले होते. सुतक फिटल्यावर पहिल्या दिवशी गाडीत मी अप्पांना सगळं सांगितलं होतं, शेवटच्या रात्री त्यांनी काय मागितलं तेसुद्धा. अप्पा खिडकीतून बाहेर बघत राहिले. माणूस चाळीस वर्षं यमन ऐकतो आणि शेजाऱ्याच्या बापाला एक शब्द देत नाही, असं म्हणून मी मनातल्या मनात त्यांना कवडी लावून टाकली होती. मी बोललो होतो ते त्यांच्या डाव्या कानात.

तरी मी पंधरा दिवस काही बोललो नाही. त्या माणसाकडे गाण्याशिवाय दुसरं सुख नव्हतं, आणि ते अर्धं गेलंय हे मी सांगायचं? आणि त्यांनी ऐकून घेऊन वर मलाच एक चिठ्ठी लावली तर? मला त्यांची कीव येत होती आणि त्यांची भीतीही वाटत होती. भाईंनी तेवढ्यात उरलेली बोंडं काचेतून काढून खोक्यात भरली आणि खोक्याला सुतळी बांधली. जेद्द्याला जाणारा माणूस मिळाला की भावाला परत पाठवणार होते. बरोबर कसलं पत्र लिहावं हे त्यांना सुचत नव्हतं. मला विचारलं, तेव्हा मलाही सुचलं नाही.

त्या दिवसांत विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद व्हायचे, कधी या बाजूचा तर कधी त्या बाजूचा, आणि एसटी निघणार नाही हे आम्हाला स्टँडवर गेल्यावर कळायचं. तशा एका सकाळी स्टँडवर चिटपाखरू नव्हतं. मी घरी परतायला निघालो, तर अप्पा उभ्या असलेल्या मानवत गाडीत चढताना दिसले. मला हात करून म्हणाले, "बाबूसाहेब, या. इंजिन बंद हाय. असा मोका परत न्हाई. घरघर न्हाई, खड्डा न्हाई. आज मालाचा निक्काल."

आम्ही रोजच्या बाकावर बसलो. अप्पांनी तिसरा जोड कानात घातला, यमन लावला आणि डोळे मिटले. पाच मिनिटं बसले. मग डोळे उघडून शांतपणे म्हणाले, "न्हाई. माल खराबच हाय." त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. भाईंवर अन्याय झाला नाही याची खात्री करून घ्यायला ते आले होते, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं, आणि मग मला गप्प बसवेना.

मी उठून त्यांच्या उजवीकडे, खिडकी आणि त्यांच्या गुडघ्याच्या मधल्या जागेत उभा राहिलो. म्हणालो, "अप्पा, बोंडं उलटी घाला."

"म्हंजे?"

"डावं उजव्यात, उजवं डाव्यात."

अप्पा दुखावले. "बाईला उलटं बसवू का? तंबोरा डावीकडंच असतो. त्यांनी तसं वाजिवलंय."

"एकदाच. कापसात हात घालता तसं समजा."

त्यांनी बोंडं काढली, त्यावरची अक्षरं वाचली आणि अदलाबदल करून घातली. कॅसेट सुरू केली. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. तंबोरा लागला तो क्षण मला दिसला, कारण त्यांचा हात आपोआप मांडीवरून उचलला गेला. मग तबल्याची वेळ आली आणि हात तसाच राहिला. त्यांनी कॅसेट मागे घेतली. बोंडं सरळ घालून ऐकलं, उलटी घालून ऐकलं, परत सरळ. तीन वेळा. अप्पा एका नमुन्यावर कधी निकाल देत नसत.

मग वॉकमन बंद करून पुढच्या बाकाच्या दांडीकडे बघत बसले. म्हणाले, "जिनिंगकडं माझा कोनता कान असतो?"

"डावा."

"हं."

मला रडू येत होतं. त्यांना येत नव्हतं, किंवा आलं असेल तर त्यांनी दाखवलं नाही. "तुमाला कधीपासून ठावं हाय?" त्यांनी विचारलं. पंधरा दिवसांपासून, असं मी सांगितलं. "पंधरा दिवस भाई कवडीखाली बसलाय," ते म्हणाले. मला ते आणखी काही बोलले नाहीत, आणि बोलायला हवे होते.

मग एकदम माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमचे वडील गेले तवा तुमी गाडीत काईतरी सांगायलता. मला वाटलं कामाचं हाय. काय सांगायलता?" मी पुन्हा सगळं सांगितलं, या खेपेला उजवीकडून. बंद गाडीत आम्ही दोघं तासभर होतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, भाईंच्या गल्लीत गर्दी असते त्या वेळेला, अप्पा दुकानात गेले. आधी कवडीची चिठ्ठी खरवडून काढली. मग पेन्सिल जिभेला लावून काउंटरवरच नवी लिहिली. दोन ओळी होत्या. माल सुपर. डावा कान कवडी. खाली सही.

भाईंनी ती दोनदा वाचली. अप्पांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "हे मी न्हाई लावत," म्हणाले.

"का? अक्षर लागंना का?"

"अक्षर लागतंय. मालाचं लिवा ना अप्पा. कानाचं कामून लिवायलेत? रस्त्यानं जानारा येनारा वाचील."

"नुस्तं सुपर लिवलं तर लोक इचारतील, मंग कवडी कामून लिवलं व्हतं? कारन पायजे." आणि अप्पांनी डिंकाची बाटली मागून चिठ्ठी स्वतः काचेच्या आतून लावली. ग्रेड बदलायची त्यांची ही पहिलीच वेळ, आणि ती त्यांनी इतर चिठ्ठ्यांसारखीच, घाई न करता लावली. दुकानात उभे असलेले मुनीम इकडेतिकडे बघू लागले. भाईंनी खोक्याची सुतळी सोडली.

दुसऱ्या सकाळी गाडीला जाताना आम्ही पाहिलं तर खालची ओळ दिसत नव्हती. भाईंनी चिठ्ठीचा खालचा भाग मागे दुमडला होता आणि काचेवर फक्त 'माल सुपर' उरलं होतं. अप्पा दुकानात शिरले, दुमडलेला भाग उलगडला, अंगठ्याने सपाट केला आणि बाहेर पडले. भाई रेडिओचा मागचा पत्रा पुसत राहिले. तिसऱ्या दिवशी कागद परत दुमडलेला. अप्पांनी परत उलगडला.

हे दीड महिना चाललं. "सलाम, अप्पा." "सलाम, भाई." कागद सरळ. मग गाडी. कंडक्टर घंटी मारत असायचा आणि अप्पा काचेशी उभे राहून स्वतःच्या कानाची ग्रेड नीट करत असायचे. एकदा मी म्हणालो, राहू द्या ना, भाई प्रेमानेच करतात. अप्पा म्हणाले, "मला ठावं हाय. पन वर चांगलं अन् आत कवडी, असं कुनाचं मी पास केलंय?"

एका सकाळी त्यांनी कागद उलगडला तसा तो घडीवर फाटला. वरचा भाग काचेला राहिला आणि खालचा अप्पांच्या बोटांत आला. भाई हातातलं फडकं टाकून धावत काउंटरबाहेर आले आणि आपल्याच हातून काही फुटावं तसे उभे राहिले. अप्पांनी तुकडा उजेडात धरून बघितला. पेन्सिलीसाठी हात कानामागे गेला, पण पेन्सिल काढली नाही. मग त्यांनी तो तुकडा भाईंच्या हातावर ठेवला.

"ठिवा," म्हणाले. "गिऱ्हाइकानं इचारलं तर दाखवा."

"कोन इचारतंय, अप्पा," भाई म्हणाले. त्यांनी त्या तुकड्याची नीट घडी केली आणि सदऱ्याच्या ज्या खिशात भावाची जेद्द्याची पत्रं असत, त्या खिशात ती घातली.